खोडरबराचे पथ्य

रेखाटनाची आवड असूनही वही चार दिवसांत मिटणाऱ्यांची तक्रार बहुधा ‘हातच नाही’ अशी असते. वास्तविक दोष हाताचा कमी, आणि घाईचा व परिपूर्णतेच्या अट्टहासाचा अधिक असतो. परिपूर्णतेचा अट्टहास म्हणजे चूक झाली की आपली किंमतच घटली असे मानणारी मनोवृत्ती. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तिचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा, इतरांकडून तशीच अपेक्षा, आणि इतरांना आपल्याकडून ती आहे अशी समजूत. या तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे शाळेतच खतपाणी मिळते, कारण अनेकांची चित्रकलेशी ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांतून होते, आणि श्रेणी मिळालेली असो वा हुकलेली, पुढे कित्येक वर्षे कागद समोर आला की परीक्षकही मानगुटीवर येऊन बसतो.

घाईचे एक उदाहरण पाहू. पुणे जिल्ह्यातील नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात १६८३ हे साल आणि क्रूस कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे. ती रेखाटायला बसलेला मनुष्य प्रायः तिच्याकडे एकदाच पाहतो आणि मग बालपुस्तकातली घंटा काढतो; कारण परिचित वस्तूंची ठोकळेबाज चिन्हे मेंदूत तयार असतात आणि घाईत हात त्यांचाच आधार घेतो. समोरच्या घंटेचा काठ नेमका कुठे बाहेर वळतो, क्रुसाच्या कडेला सावली किती अरुंद पडते, हे टिपलेलेच नसते. साहजिकच चित्र फसल्यासारखे वाटते, आणि खोडरबर कागदाचा तंतू उठेपर्यंत चालतो.

यावर उपाय ‘अंध बाह्यरेखे’चा, म्हणजे कागदाकडे न पाहता, वस्तूच्या कडेवर नजर ठेवून, तिच्याच गतीने पेन फिरवण्याचा. किमॉन निकोलाईडिस यांच्या १९४१ च्या पुस्तकामुळे ही पद्धत रूढ झाली. रेघ वेडीवाकडीच येणार हे आधीच ठरलेले असल्याने अट्टहासाला धरायला काही उरत नाही. मात्रा रोज दहा मिनिटांची, साध्या बॉलपेनने, आणि खोडरबर वर्ज्य. अधीर माणसाला दहा मिनिटेही जड जातात; त्याने पाचांवर थांबावे, पण घड्याळ लावून.

रेघ वेडीवाकडी आली तरी कलाकामाने ताण हलका होऊ शकतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे मनसोक्त कलाकाम केल्यावर सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, घटलेले आढळले, आणि पूर्वानुभवाने त्यात फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या निष्कर्षावर फार भार टाकू नये.

मात्र परिपूर्णतेचा अट्टहास झोप, जेवण किंवा कामावर स्वार झाला असेल, तर वहीवर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, किंवा टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

बनेश्वरच्या धबधब्यापाशी बसून रेखाटणाऱ्यांनी पावसाळ्यात शेवाळलेला खडक टाळावा, दर वीस मिनिटांनी उठून पाय मोकळे करावेत, आणि पानावर तारीख घालून ते महिनाभर उलटून पाहू नये.