ताक्यात रोज तोच दोष

प्रश्न : खारबावला आमचे यंत्रमाग आहेत. कारागिरांचे पैसे कापूनही ताक्यात तेच दोष येतात. काय करावे?

उत्तर : आधी पैसे कापणे थांबवा. त्याने दोष लपतात, कमी होत नाहीत. ताण्याचा धागा तुटला की लगेच फळ्यावर लिहा : कोणता माग, किती वाजता, नेमका कुठे. एकाच मागावर, एकाच जागी तुटत असेल तर तिथली फणी बोटाने चाचपून पाहा, खरखरीत तार लागेल. सगळ्याच मागांवर तुटत असेल तर सूत आणि सायझिंग तपासा. जपानी संशोधक साकिची तोयोदा यांचा १९२४ चा माग धागा तुटताच आपोआप थांबायचा. टोयोटाच्या मोटार कारखान्यांनी दोष दिसताच काम थांबवण्याचे तत्त्व त्यातूनच घेतले. तुमच्याकडे मजुरी मीटरवर असेल, तर माग थांबवून दोष दाखवणाऱ्या कारागिराला त्या वेळेचेही पैसे द्या.