मामूंची लाल गाडी

(जुनी वस्तू सुंदर दिसावी, असे सर्वांनाच वाटते. पण तिचा न दिसणारा भाग कोण पाहतो? इंग्लंडमध्ये एका जुन्या स्पोर्ट्‌स कारची घरच्या घरी दुरुस्ती करताना एका मुलीला काय शिकायला मिळाले, ते या पाठात तिच्याच शब्दांत वाचा.)

माझे मामू मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. तरुणपणी ते नोकरीसाठी इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅम शहरात स्थायिक झाले. २०२३ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी अम्मीबरोबर त्यांच्याकडे गेले होते.

मामूंच्या घराला लागून एक लहानसे गॅरेज आहे. पोहोचलो त्याच संध्याकाळी मामूंनी त्याचे दार उघडले आणि आत झाकून ठेवलेल्या गाडीवरचे कापड दूर केले. मी पाहतच राहिले! लालभडक रंग, बुटका बांधा, दोनच आसने आणि कापडी छप्पर.

"मामू, ही किती जुनी आहे?" मी विचारले.

"१९७२ सालची. तुझ्या अम्मीपेक्षा वयाने मोठी!"

"माझे वय कशाला काढता, भाईजान?" अम्मी म्हणाली आणि आम्ही सारे हसलो.

ती गाडी होती एम. जी. बी. 'एम. जी.' म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड शहरातील या गॅरेजच्या नावावरून गाडीला हे नाव मिळाले. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये तो कारखाना बंद पडला.

"मग हिचे सुटे भाग मिळतात कुठे?" मी विचारले.

"ही गाडी इतक्या लोकांनी जपली आहे, की तिचे भाग बनवणे आजही परवडते. १९८८ पासून तर तिचा पत्र्याचा संपूर्ण सांगाडाही नव्याने मिळू लागला. शिवाय हिची रचना साधी आहे. हिच्यात संगणक नाही. पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि धीर, एवढे असले की बरेच काम घरी होते."

पुढच्या रविवारी जवळच्या गावात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. मामू मलाही गाडीतून नेणार होते. मी लगेच फडके घेऊन गाडी पुसू लागले. तेवढ्यात समोरच्या काचेजवळ, उजव्या मडगार्डवर, मला एक डाग दिसला. तिथला रंग पार उडाला होता.

"मामू, आधी इथे रंग लावू या. मेळाव्यात सगळे पाहतील ना!"

"आधी तब्येत, मग पोशाख," मामू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. मामूंनी प्रथम दाराखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठकठक केले. या गाडीला वेगळी चॅसी नसते. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. दाराखालचा पत्रा आतून गंजला, तर गाडी वरून कितीही चकाकत असली तरी कमकुवत होते. आवाज खणखणीत आला. मामूंनी समाधानाने मान हलवली.

मग त्यांनी पेट्रोलची रबरी नळी तपासली. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे जुन्या प्रकारचे रबर खराब होते. मामूंनी ती नळी आधीच बदलली होती. नंतर त्यांनी इंजिनातले ऑइल पाहिले, प्लग काढून स्वच्छ केले आणि त्यांच्या टोकांमधील अंतर मोजले. ते अंतर असते अवघे ०.६४ मिलिमीटर!

मलाही राहवेना. एक नट सोडवण्यासाठी मी पेटीतला १३ मिलिमीटरचा पाना उचलला. तो नटावर बसला, पण जोर लावताच सटकला. नटाचे कोपरे झिजले. मी घाबरले.

"मामू, माझ्या हातून नट बिघडला," मी हळूच सांगितले.

मामू रागावले नाहीत. त्यांनी दुसरा पाना माझ्या हातात दिला. "या गाडीचे नट इंचाच्या मापाचे आहेत, बेटा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. फरक किती? ०.३ मिलिमीटर. पण तेवढ्यानेही पाना सटकतो. चूक लगेच सांगितलीस, हे चांगले केलेस. नट नवा मिळतो."

बुधवारी मामूंनी गाडी बाहेर काढली. परत आले तेव्हा ते गंभीर होते. ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढली जात होती. पुढचे डावे चाकही फार तापले होते. मामूंनी चाकांमागे लाकडी ठोकळे लावले, जॅकने गाडी उचलली आणि तिच्याखाली लोखंडी स्टँड ठेवले. "नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही," त्यांनी मला बजावले.

दोष सापडला. ब्रेकची रबरी नळी बाहेरून ठीक दिसत होती, पण आतून फुगून अरुंद झाली होती. पेडल दाबले की ब्रेक ऑइल जोराने पुढे जाई. पण पेडल सोडल्यावर ते मागे येत नसे. त्यामुळे चाक ब्रेकमध्ये अडकून राही.

मामूंनी फोन करून तिन्ही नळ्या नव्या मागवल्या. त्या शुक्रवारी आल्या. शनिवारी त्या बसवल्यावर ब्रेकमधली हवा काढायची होती. हे काम दोघांचे असते. मी चालकाच्या जागी बसले. मामू चाकापाशी होते. त्यांनी एका बारीक नळीचे टोक काचेच्या बरणीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवले.

"दाब!" ते म्हणत. मी पेडल दाबून धरी. ते छोटा स्क्रू सैल करीत. बरणीत बुडबुडे येत. स्क्रू पुन्हा घट्ट झाला, की ते म्हणत, "सोड!"

"हवा का काढायची, मामू?"

"हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. नळीत हवा राहिली, तर तुझ्या पायाचा जोर हवा दाबण्यातच संपतो. चाकापर्यंत पोहोचतच नाही. आणि याला आपण ऑइल म्हणतो, पण हे इंजिनातल्या तेलासारखे नव्हे. हे हवेतला ओलावा शोषते. ओलावा वाढला, की लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचे." मग ते जरा हसले. "आणि ते रंगही खाते. मडगार्डवरचा तो डाग आहे ना? पूर्वी एकदा घाईत माझ्याच हातून हे सांडले होते."

चारही चाकांचे काम झाले. बुडबुडे थांबले. मामू हात पुसत म्हणाले, "आता पेडल दाबून धर. घट्ट आहे ना?"

मी पेडल दाबले. ते घट्ट लागले. पण दाबून धरल्यावर माझा पाय हळूहळू, अगदी हळूहळू खाली जाऊ लागला.

मी गप्प राहिले. संध्याकाळ झाली होती. मेळावा उद्या सकाळी होता. 'हो' म्हटले असते तर काम तिथेच संपले असते. मामूंना माझ्या पायाखालचे पेडल दिसत नव्हते. माझा जीव वरखाली होऊ लागला.

"मामू," मी शेवटी म्हणाले, "पेडल खाली जाते आहे."

मामू क्षणभर थांबले. मग त्यांनी पुन्हा जॅक उचलला. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम काढताच आत ओल दिसली. तिथल्या छोट्या सिलिंडरचे जुने रबर गळत होते. ब्रेकचे पट्टेही त्या द्रवाने भिजले होते.

"१९७२ च्या या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचा मार्ग एकच आहे," मामू म्हणाले. "एका ठिकाणी गळती वाढली, की पायाखालचा ब्रेक संपूर्ण जातो. उरतो तो फक्त हातब्रेक."

नवे सिलिंडर आणि पट्टे सोमवारशिवाय मिळणार नव्हते. मेळावा हुकला. माझे तोंड उतरले. मुमानींनी चहा आणला. मामूंनी पहिला कप मला दिला आणि म्हणाले, "पेडलवर ज्याचा पाय असतो, त्यालाच खरे कळते. तू बोलली नसतीस, तर मला कोण सांगणार होते?"

पुढच्या आठवड्यात दुरुस्ती पूर्ण झाली. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. मात्र मे २०१८ पासून, मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना ती सक्तीची नाही. तरीही मामू गाडी तपासणीसाठी घेऊन गेले.

"कायद्याने माफ केले आहे ना?" मी विचारले.

"कायद्याने माफ केले, उताराने नाही," मामू म्हणाले.

तपासणीत गाडी पास झाली. त्या संध्याकाळी आम्ही शहराबाहेरच्या लिकी टेकड्यांवर गेलो. परतताना लांब उतार लागला. मामूंनी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी न ओढता, सरळ रेषेत, शांतपणे हळू झाली. मामूंनी माझ्याकडे पाहिले. दोघांनाही काही बोलावे लागले नाही.

मडगार्डवरचा डाग मात्र अजून तसाच आहे. पुढच्या सुट्टीत आम्ही दोघे मिळून तिथे रंग लावणार आहोत.

शब्दार्थ

स्थायिक होणे – कायमचे राहणे
सांगाडा – आतील मुख्य आधार
भार पेलणे – वजन सांभाळणे
पाना – नट पिळण्याचे वा सोडवण्याचे हत्यार
सटकणे – एकदम निसटणे
बजावणे – निक्षून सांगणे
जीव वरखाली होणे – फार अस्वस्थ होणे
तोंड उतरणे – निराश होणे
सक्तीची – केलीच पाहिजे अशी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामूंची गाडी कोणत्या सालची होती?
(आ) लेखिकेच्या हातून नट का बिघडला?
(इ) मडगार्डवरचा डाग कशामुळे पडला होता?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ब्रेकमधली हवा का काढावी लागते?
(आ) पेडल खाली जात असताना लेखिका आधी गप्प का राहिली?
(इ) 'कायद्याने माफ केले, उताराने नाही,' असे मामू का म्हणाले?

३. वाक्यांत उपयोग करा.
भार पेलणे, जीव वरखाली होणे, तोंड उतरणे.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
जुना, घट्ट, अरुंद, उतार.

५. उपक्रम : तुमच्या सायकलचे ब्रेक, साखळी आणि चाके मोठ्या माणसाच्या मदतीने तपासा. काय आढळले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.