‘तुझी ती कोण लागत होती?’

प्रश्न : माझी एक मैत्रीण गेल्या पावसाळ्यात आजारपणात गेली. मूळची राहुरीकडची, मराठी ख्रिस्ती घरातली. माजिवड्यात आमच्या शेजारच्याच इमारतीत राहायची. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात ती रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या उशाशी बसायची. तिच्यामुळे मी प्रार्थना करू लागले, रविवारी तिच्याबरोबर उपासनेला जाऊ लागले आणि येशूवर माझा विश्वास बसला. घरी सगळ्यांना ठाऊक आहे, विरोध नाही. बाप्तिस्मा मात्र अजून घेतलेला नाही. आता मंडळीतले लोक म्हणतात, ती प्रभूजवळ आहे, रडू नकोस. सासूबाई विचारतात, तुझी ती कोण लागत होती एवढी? उपासनेला गेले की तिची जागा दिसते आणि मन लागत नाही. माझी श्रद्धा म्हणजे नुसती तिची मैत्रीच होती का? असे दुःख आपल्याकडे पूर्वी कोणी केले आहे का? तिचे बायबल माझ्याकडे राहिले आहे, त्याचे काय करू? आणि बाप्तिस्मा आता घ्यावा का?
– एक वाचक, माजिवडा, ठाणे

उत्तर : ताई, असे दुःख पूर्वी कोणी केले आहे का, या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर तुमच्या ठाण्यातच सापडते.

१३२१ साली होर्मुझकडून आलेल्या एका जहाजातून काही ख्रिस्ती धर्मबंधू ठाण्याच्या बंदरात उतरले. चार फ्रान्सिस्कन होते : टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. त्यांच्यासोबत जॉर्डन नावाचा, दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हराकचा एक डॉमिनिकन होता. त्या काळी ठाण्यात नेस्टोरियन पंथाची ख्रिस्ती कुटुंबे राहत होती, त्यांच्याकडे हे उतरले. जॉर्डन लोकांना बाप्तिस्मा देण्यासाठी भडोचच्या वाटेने निघाला आणि सोपाऱ्यापर्यंत पोचला. मागे एप्रिलमध्ये ठाण्याच्या काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि चौघेही मारले गेले. जॉर्डन परतला तो त्यांच्या मृतदेहांपाशी. जिनोआच्या एका तरुणाच्या मदतीने त्याने ते देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. तुमच्या नाक्यावरून जो घोडबंदर रस्ता सुटतो, त्याच दिशेला, खाडीपलीकडे.

जॉर्डनची पत्रे उरली आहेत. त्यांतले एक त्याने ठाण्याहूनच लिहिले. इराणातल्या आपल्या धर्मबंधूंना तो कळवतो की मी अनाथ झालो, एकटा पडलो. ज्या घडीला मी त्यांना सोडून निघालो ती घडी वाईट होती. हा माणूस काही श्रद्धेत कच्चा नव्हता. आपले सोबती हुतात्मे झाले, ते देवापाशी पोचले, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तरीही तो रडला, आणि ते लिहून ठेवताना त्याला लाज वाटली नाही. एकटेपणा, आजारपण, कैद, सगळे सोसत तो या किनाऱ्यावर टिकून राहिला, भडोचला आणि सोपाऱ्याला बाप्तिस्मे देत राहिला. १३२९ साली पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. त्याआधीच ओदोरिक नावाचा आणखी एक फ्रान्सिस्कन ठाण्यात येऊन गेला होता. त्याने त्या चौघांच्या अस्थी उकरून काढल्या, स्वच्छ वस्त्रांत बांधल्या आणि थेट चीनपर्यंत, आजच्या च्वानचौ बंदरातल्या आपल्या बांधवांकडे नेल्या. आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन तो एवढा समुद्र ओलांडून गेला. हे सोडून द्यावे, विसरावे, असे त्याला कुणी सांगितले असते तर त्याने ऐकले असते असे मला वाटत नाही.

म्हणून मंडळीतल्या लोकांचे सांगणे अर्धेच धरा. ती प्रभूजवळ आहे, ही तुमचीही श्रद्धा आहे; ती जपा. ‘रडू नकोस’ हे मात्र त्यांच्या मायेचे बोलणे आहे, धर्माची आज्ञा नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू लाजरसाच्या कबरीपाशी रडतो, आणि तेही लाजरस आता उठणार हे त्याला ठाऊक असताना. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल आशा नसलेल्यांसारखे दुःख करू नका म्हणतो. दुःखच करू नका असे तो म्हणत नाही. त्यामुळे रडण्यासाठी कुणाची परवानगी तुम्हाला लागत नाही.

आता सासूबाई. आपल्या घरांत शोकाचे दिवस नात्याने ठरतात. सुतक भाऊबंदांचे, दहावे-तेरावे घरच्यांचे, आणि मैत्रिणीच्या वाट्याला एकही दिवस येत नाही. त्यांचा प्रश्न त्या चौकटीतून आला आहे, तो दुष्टपणाचा समजू नका. त्यांना एकदा नीट सांगा, की आई, बाबांच्या शेवटच्या दिवसांत ती रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसायची. पुढे काही सांगावे लागणार नाही असा माझा अंदाज आहे. आणि दिवसच हवा असेल तर २ नोव्हेंबर धरा. मृतात्म्यांच्या त्या दिवशी ठाणे-वसईकडची कॅथलिक कुटुंबे कबरी साफ करतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. तुमच्या मैत्रिणीच्या मंडळीत तो दिवस पाळत नसतील, तरी तिच्या कबरीवर फूल ठेवायला कोण अडवणार आहे?

तुमचा सर्वांत बोचरा प्रश्न श्रद्धेचा आहे, आणि त्यावर थोडे थांबू.

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. त्याची पुन्हा गाठ पडली नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली जाईपर्यंत त्या श्रद्धेत राहून कविता केल्या, अभंग रचले. त्या प्रवाशासाठी शोक करण्याची वेळ टिळकांवर आली नाही, कारण मैत्री जडायच्या आधीच वाट दाखवून तो निघून गेला. तुमच्या बाबतीत दोन्ही एकदमच आले. जिने वाट दाखवली तीच रोज दार वाजवून आत येत होती, तीच वडिलांना पाणी पाजत होती. त्यामुळे तुम्हाला मैत्री कुठे संपली आणि श्रद्धा कुठे सुरू झाली हे आज उलगडत नाही. ते लगेच उलगडायचेही नाही. मैत्रीतून आली म्हणून श्रद्धा खोटी ठरते, असे मला मुळीच वाटत नाही. माणसाला देव बहुधा माणसातूनच भेटतो.

आणि अशी माणसातून आलेली श्रद्धा पुढे स्वतःचीही होते. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्म बुद्धीला पटला त्यात नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षे धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र भेटायचा राहिला होता. तो पुढचा पल्ला त्यांनी स्वतःच्या शोधातून गाठला. गोरे १८९५ साली गेले. रमाबाई त्यानंतर सव्वीसहून अधिक वर्षे जगल्या आणि केडगावला शेवटपर्यंत बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. पंथाच्या बाबतीत त्या गोऱ्यांच्या वाटेने गेल्या नाहीत. तुमचीही प्रार्थना उद्या तुमच्या मैत्रिणीच्या प्रार्थनेहून वेगळी होईल, कदाचित शब्द कमी होतील, कदाचित तिला न पडलेले प्रश्न तुम्हाला पडतील. तो तिच्याशी द्रोह नव्हे.

उपासनेला जाण्याबद्दल इतकेच, की काही रविवार दुसऱ्या बाकावर बसा. नाहीच बसवले तर मधेच उठून या. मन लागत नाही याचा अर्थ विश्वास उडाला असा धरू नका; तुम्ही फक्त शोकात आहात. टिळकांची गीते उपासनेत म्हटली जातात, आणि तुमच्या मैत्रिणीसारख्या राहुरीकडच्या ख्रिस्ती माणसाला ती बहुधा लहानपणापासून पाठ असतात. एखादे सुरू झाल्यावर तुमचा गळा दाटला तर दाटू द्या.

बायबलविषयी. त्याच्या समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा असतील, एखाद्या वचनापाशी तारीख असेल, कुणाचे नाव असेल. अशा गोष्टी गपचूप ठेवून घेऊ नयेत. तिच्या आईकडे ते घेऊन जा आणि तिच्यासमोर उघडा. त्या माउलीला आपल्या लेकीचे हे वाचन कदाचित ठाऊकही नसेल. ती म्हणाली ‘तूच ठेव’, तर निर्धास्तपणे ठेवा. तिला हवे असेल तर खुणांच्या जागा आधी आपल्या प्रतीत उतरवून घ्या आणि मग द्या. आणि एकदाच जाऊन थांबू नका, अधूनमधून जात राहा. तिच्या घरात तिच्याविषयी बोलायला माणूस लागेल.

राहिला बाप्तिस्मा. तो तिच्या आठवणीखातर घेऊ नका, आणि तिच्या वर्षश्राद्धासारखी तारीख धरूनही घेऊ नका. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे उदाहरण मला इथे फार महत्त्वाचे वाटते. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या त्यांच्यापासून दूर गेल्या, रडल्या, चिडल्या. पुढे जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नावर त्यांनी स्वतः विचार केला, त्यातून त्या बदलल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मध्ये पाच वर्षे गेली होती. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. नवऱ्याच्या मागे टिकली ती श्रद्धा त्यांनी आधी आपल्या डोक्याने पारखून घेतलेली होती म्हणून, असे मी समजतो.

तेव्हा तुम्हीही वेळ घ्या. पाळकांना भेटा आणि मनातल्या शंका त्यांच्यापुढे सरळ मांडा, ‘मला ती आठवते म्हणून येते की येशूसाठी येते, कळत नाही’ हेसुद्धा. चांगला पाळक याने दचकणार नाही. घरी यजमानांशीही बोला, त्यांना अंधारात ठेवून काही करू नका. इतके झाल्यावर, ती आज हयात असती तरी मी हेच केले असते असे तुम्हाला ठामपणे वाटू लागले, की पाळकांकडे तारीख मागा.