विवाहपूर्व हळद : स्त्री-आचार आणि वैद्यांचे कर्तव्य

विवाहापूर्वी वधूस सिद्ध करण्याचे कार्य अनेक समाजांत ज्येष्ठ स्त्रियांकडे असते. नायजेरियातील इबिबिओ समाजात 'म्बोपो' या प्रथेनुसार उपवर कन्येस काही काळ एकांतात ठेवून पौष्टिक आहार, अंगलेपन व संसाराचे शिक्षण दिले जाई. या प्रथेस जननेंद्रियच्छेदाची घातक रूढीही जोडलेली असे. तेथील २०१५ च्या केंद्रीय कायद्याने असा छेद दंडनीय ठरविला. प्रथेतील हितकर अंश राखून अहितकर अंश त्यागावा, हाच विवेक आपणही आपल्या आचारांना लावला पाहिजे.

ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसली. येथील आगरी-कोळी समाजांत विवाहविधीच्या वेळी धवले गाणाऱ्या धवलारणीस परंपरेने मान आहे. आपल्याकडे एकांतवास नाही. परंतु घाणा भरणे, हळद लावणे, न्हाऊ घालणे हे सारे स्त्रियांच्याच हातून होते. वडीलधाऱ्या स्त्रिया नववधूस चार गोष्टी सांगतात, त्याही याच प्रसंगी.

या आचारास शास्त्राचा आधार आहे. चरकसंहितेत हरिद्रेची गणना लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न महाकषायांत केली आहे. उद्वर्तन हे कफहर, मेदाचे विलयन करणारे व त्वचेस प्रसन्नता देणारे म्हणून अष्टांगहृदयात वर्णिले आहे. मात्र हळद लागली म्हणजे शरीर गर्भधारणेस सिद्ध झाले, असे नव्हे. सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठायी राहिलेला गर्भ विपन्न होतो, असे सुश्रुताचार्यांनी बजावले आहे. आज कायद्याने वधूचे वय किमान १८ वर्षे हवे.

म्हणून व्यवसायबंधूंस आमच्या तीन सूचना आहेत :

१. औषधालयचालकांनी विश्वासू व्यापाऱ्याकडून अखंड हळकुंडे घेऊन ती दळून द्यावीत. भडक पिवळ्या सुट्या पुडीत लेड क्रोमेटची भेसळ असू शकते. पोटात गेलेले शिसे माता व गर्भ दोघांसही घातक असते.

२. वधूस इसब वा त्वचेची ॲलर्जी असल्यास लेप प्रथम हाताच्या आतील बाजूस अल्प प्रमाणात लावून पाहावा.

३. उटणे घ्यावयास आलेल्या कुटुंबास वधूच्या तपासणीचा सल्ला द्यावा. ऋतुचक्राची विचारपूस करावी, पांडुरोगासाठी हिमोग्लोबिन तपासावे. थॅलेसेमियाची चाचणी वधू-वर दोघांनीही विवाह ठरण्यापूर्वीच करून घेणे उत्तम. वधूशी एकांतात, तिच्या संमतीनेच बोलावे.

विभक्त कुटुंबांत आजी, मावशी, आत्या जवळ असतातच असे नाही. त्यांनी सांगावयाच्या गोष्टी आता वैद्याने, विशेषतः स्त्री-वैद्याने, सांगणे अगत्याचे झाले आहे.