दंड कंपनीला, भुर्दंड कुणाला?

प्रश्न : संगनमत केलं म्हणून सिमेंट कंपन्यांना हजारो कोटींचा दंड झाला होता. तो शेवटी गोणीच्या भावात चढवून आमच्याकडूनच वसूल होणार ना? मग अशा कारवाईचा उपयोग काय? (एक वाचक, कराड)

उत्तर : शंका रास्त आहे. पण दंड गोणीवर चढवणं वाटतं तितकं सोपं नाही. दंड होतो मागच्या नफ्यावर. आजची गोणी बनवायला त्यामुळे एक रुपयाही जास्त लागत नाही. संगनमत खरोखर मोडलं असेल, तर एकटीने भाव चढवणाऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मोडलं नसेल, तर मात्र तुमची भीती खरी.

बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जून 2012 मध्ये 11 कंपन्यांना सुमारे 6,300 कोटींचा दंड केला. त्या आदेशातला एक आकडा नीट बघा. 2009-10 मध्ये क्षमतेच्या 83 टक्के चालणारे कारखाने 2010-11 मध्ये 73 टक्क्यांवर आले. कंपन्यांनी ठरवून हात आखडता घेतला, असा आयोगाने निष्कर्ष काढला. माल कमी आला की भाव चढतो. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळमानाने 400 गोण्या धरतात. गोणीमागे 20 रुपये चढले तरी 8,000 रुपये झाले. ते निदान तुमच्या खिशातून कंपनीच्या खिशात तरी जातात. पण भाव ऐकून ज्याने वरच्या मजल्याचा बेत पुढे ढकलला, त्याचा मजला उभाच राहत नाही, गवंड्याचं काम जातं, बिगाऱ्याची मजुरी बुडते. हे नुकसान कुणाच्याही नफ्यात जमा होत नाही. कारवाई हवी ती मुख्यतः यासाठी.

म्हणूनच इथली दिरंगाई मला अक्षम्य वाटते. 2015 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने सुनावणीच्या पद्धतीतल्या त्रुटीमुळे आदेश रद्द केला. 2016 मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला, 2018 मध्ये तो अपिलात कायम झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे 10 टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर वसुली थांबली. अशा संगनमताला (कार्टेलला) नफ्याच्या तिप्पट दंड करता येईल असा कायदा आहे. पण वर्षानुवर्षं पैसे भरावेच लागले नाहीत, तर त्याचा धाक कुणाला वाटणार?

आणखी एक. दंड सरकारी तिजोरीत जातो, ग्राहकाला मिळत नाही. संगनमत सिद्ध झाल्यावर भरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करता येतो. तिथे खरेदीचा पुरावा लागणारच. घर बांधत असाल, तर सिमेंटची पक्की बिलं जपून ठेवा.