डब्यावरचे वॅट आणि कानावरचा आवाज

चंद्रपूरहून ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे निघाले, की वाटेत दुर्गापूर आणि ऊर्जानगर लागते. ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रात काम करणाऱ्यांची वसाहत. या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मारुती ८०० ही छोटी मोटार पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती पडली. सुरुवातीचे २१० मेगावॅटचे ते दोन संच आता निवृत्त झाले आहेत. मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. पण जुनी लहान मोटार घेऊन ती हौसेने सांभाळणारी घरे इथेही आहेत आणि साऱ्या महाराष्ट्रातही. अशा मोटारीत बाकी सगळे ठीक असले, तरी गाणे मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येते. तबला वाजतो, पण डग्गा हरवतो.

मग घरातला दादा म्हणतो, "नवा सेट बसवू या." दुकानात डब्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते : ५२ वॅट × ४. शेजारच्या डब्यावर याहूनही मोठा आकडा. खिशात असतात पाच-सहा हजार रुपये. कोणता डबा उचलावा? थोडे गणित येणाऱ्याला हा प्रश्न दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच बराचसा सोडवता येतो.

शाळेतले सूत्र आठवा. व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागले की वॅट मिळतात. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट असतात. मोटारीतल्या स्पीकरचा अवरोध बहुधा ४ ओहम असतो. आता १४.४ चा वर्ग करा : २०७.३६. त्याला ४ ने भागा : ५१.८४. डब्यावरचे ५२ वॅट कुठून आले ते कळले ना?

हा आकडा खोटा नाही, पण तो संगीताचा नाही. स्पीकरवर सतत पूर्ण १४.४ व्होल्टचा दाब राहिला, तरच तेवढी शक्ती मिळेल. गाण्यातला विजेचा दाब लाटेसारखा चढतो आणि उतरतो. शुद्ध सुराच्या गोलाईदार लाटेची सरासरी शक्ती शिखरावरच्या शक्तीच्या निम्मी भरते, म्हणजे २६ वॅट. त्यातूनही सेटमधले ट्रान्झिस्टर आपला वाटा कापून घेतात. उरतात साधारण १८ ते २२ वॅट. बॅटरीवर थेट चालणारा सेट स्वस्त असो वा महाग, ४ ओहमच्या स्पीकरला यापेक्षा फारसे जास्त देऊ शकत नाही. मोठा आकडा छापायला शाई तेवढी जास्त लागते!

आवाजाची कळ याहून जास्त पिळली तर काय होते? लाटेला वर जायचे असते, पण बॅटरीचे छप्पर आडवे येते. लाटेचे शेंडे छाटले जातात. कानाला ते फाटक्या, खरखरीत आवाजाच्या रूपाने कळते. छाटलेल्या लाटेत वरच्या पट्टीतले नको असलेले सूर मिसळतात आणि बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो तापून जळतो. कमी शक्तीच्या सेटने स्पीकर जाळला, ही कोड्यासारखी वाटणारी तक्रार अशी खरी ठरते.

तर मग जास्त वॅट हवेतच का? इथे कानाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. शक्ती दुप्पट केली, तर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते आणि कानाला तो फरक थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला पातळी सुमारे १० डेसिबलने वाढावी लागते. त्यासाठी शक्ती दहापट हवी. म्हणजे २० वॅटचे २०० वॅट! पाच-सहा हजारांत हे जमणारे नाही, आणि जमले तरी शहाणपणाचे नाही. अमेरिकेतील नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत चालेल. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला किती वेळ उरतो ते स्वतः काढून पाहा. उत्तर १५ मिनिटे येईल. टर्बाइनच्या दालनात काम करणारी माणसे कानात बोळे का घालतात, ते ऊर्जानगरच्या मुलांना सांगायला नको. शिवाय मोहर्लीच्या रस्त्यावर वन्य प्राणी आडवे येतात. तिथे काच थोडी खाली आणि गाणे बंद असलेलेच बरे.

आता स्वस्तातली युक्ती. स्पीकरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत संवेदनशीलता दिलेली असते. एक वॅट दिला, तर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. एका स्पीकरचा ८७ आणि दुसऱ्याचा ९० असेल, तर दुसरा २० वॅटमध्ये तेवढा आवाज देईल, जेवढ्यासाठी पहिल्याला ४० वॅट लागतील. फरक ३ डेसिबलचाच, पण तो कसलीही वीज न वाढवता मिळाला. स्पीकर विकत घेताना डब्यावरचे ठळक वॅट सोडून हा बारीक आकडा वाचावा.

पण थांबा. नवे स्पीकर घेण्याआधी हरवलेला डग्गा शोधला पाहिजे. तो बहुतेक वेळा मोटारीच्या दारातच नाहीसा झालेला असतो.

स्पीकरची रचना साधी आहे. चुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू. राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेली ही रचना मुळात आजही तीच आहे. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन लाटा काढतो, एक पुढून आणि एक मागून, अगदी उलट्या. मागची लाट कडेने वळून पुढच्या लाटेला भेटली, की एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. दोघी मिळून हवा जागची हलत नाही आणि आवाज नाहीसा होतो.

मग सगळाच आवाज का नाहीसा होत नाही? लाटेची लांबी काढून पाहू. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हवा ४० अंशांवर असताना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो. डग्ग्याचा घुमारा १०० कंपनांच्या आसपासचा धरला, तर त्याची लाट साडेतीन मीटर लांब होते. स्पीकरच्या पाठीकडून पुढे येण्याचे अंतर जेमतेम वीतभर. साडेतीन मीटरच्या लाटेपुढे वीत म्हणजे काहीच नाही, त्यामुळे दोन्ही लाटा जवळजवळ पुऱ्या उलट्या अवस्थेतच भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. उलट, ३५०० कंपनांच्या सुराची लाट १० सेंटिमीटरची असते. तिच्या दृष्टीने वीतभर अंतर मोठे आहे, आणि इतक्या आखूड लाटा शंकूसमोर सरळ जातात, कडेने फारशा वळत नाहीत. म्हणून बारीक आवाज टिकतो आणि खर्जच तेवढा मरतो.

हे घरी करून पाहा. बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या रेडिओचा स्पीकर त्याच्या तारा न तोडता पेटीबाहेर काढा. (घरातल्या विजेवर चालणारे यंत्र मुळीच उघडू नका.) चंद्रपूर आकाशवाणी लावा. आवाज किरकिरा, पोकळ येईल. आता टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, मधोमध स्पीकरच्या शंकूएवढे गोल भोक पाडा आणि स्पीकर त्याला मागून घट्ट दाबून धरा. निवेदकाचा आवाज एकदम भरदार होईल. तुम्ही वॅट वाढवले नाहीत, फक्त मागच्या लाटेची वाट लांब केली. पुठ्ठ्यात आणखी दोन-चार भोके पाडा, आवाज पुन्हा पडेल.

मोटारीचे दार म्हणजे हाच भोके पाडलेला पुठ्ठा. दाराचे आतले अस्तर काढले की पत्र्यात हात जाईल एवढी छिद्रे दिसतात. काच वरखाली करणारी यंत्रणा बसवायला ती ठेवलेली असतात. स्पीकरची मागची लाट त्यांतून खुशाल आत येते. वर दाराचा पातळ पत्रा स्वतःच थरथरतो. तेव्हा पहिला खर्च इथे करावा. मोठ्या छिद्रांवर कापून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवायची जड रबरी पट्टी, स्पीकरखाली प्लायवूडचे जाड कडे आणि फटींत थोडा स्पंज. पट्टी डांबराची स्वस्त मिळते, पण ती आपल्या भागात घेऊ नये. मे महिन्यात उन्हात उभ्या मोटारीच्या दाराला हात लावता येत नाही. तिथे डांबर मऊ होऊन ओघळते आणि गाडीभर वास सुटतो. ब्यूटाइल रबराची पट्टी थोडी महाग, पण उन्हाला टिकते. एक गोष्ट मात्र विसरू नका. दाराच्या अगदी तळाला पाणी निचरायची बारीक भोके असतात, ती उघडीच ठेवायची. नाहीतर पावसाळ्यात दारात पाणी साठून पत्रा गंजेल.

या कामात एक तपासणी फुकटची आहे. डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारा एका बाजूला उलट जोडल्या गेल्या, तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे येतो आणि पुन्हा खर्ज मरतो. जुन्या मोटारीत हे नेहमी आढळते. स्पीकरच्या तारा सेटपासून सोडवा आणि दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. टक् असा आवाज होईल. सेलचे धन टोक ज्या तारेला लावल्यावर शंकू बाहेर उचलतो, ती त्या स्पीकरची धन तार. दोन्हीकडे खूण करून सारख्याच जोडा. ट्वीटरवर मात्र हा प्रयोग करू नये, त्याचे वेटोळे फार नाजूक असते.

दार बंद झाले, तारा सुलट झाल्या, चांगल्या संवेदनशीलतेचे स्पीकर बसले, एवढ्यात पाच-सहा हजार बहुधा संपतात आणि बहुतेकांचे समाधानही होते. पुढे कधी पैसे साठले, तर वेगळा अँप्लिफायर घेता येतो. तो बॅटरीचा दाब आतल्या आत वाढवून घेतो, म्हणून १४ व्होल्टचे छप्पर त्याला आडवे येत नाही. पण त्याच्याबरोबर तारेचा प्रश्न येतो, आणि तो आवाजापेक्षा मोठा आहे.

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक वीजवाहिनी १९९९ पासून काम करते. तिच्या एका तारसमूहावर अधिक ५०० आणि दुसऱ्यावर उणे ५०० किलोव्होल्टचा दाब असतो. त्यामुळे १५०० मेगावॅट शक्ती अवघ्या १५०० अँपियर प्रवाहात जाते. तीच शक्ती १२ व्होल्टने पाठवायची, तर साडेबारा कोटी अँपियर लागतील! दाब कमी तितका प्रवाह जास्त आणि प्रवाह जास्त तितकी तार जाड. मोटारीत आपण नेमके या गैरसोयीच्या टोकाला असतो. चार स्पीकरना खरे ४० वॅट देणारा अँप्लिफायर बाहेर १६० वॅट देतो आणि साधारण तेवढेच उष्णतेत घालवतो. या ३२० वॅटसाठी बॅटरीतून सुमारे २४ अँपियर ओढले जातात. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या पाच मीटर तारेचा अवरोध ०.०८६ ओहम. म्हणजे दोन व्होल्ट तारेतच गेले आणि जवळजवळ ५० वॅट उष्णता गालिच्याखाली तयार झाली. आठ चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर नुकसान पाव व्होल्टवर येते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही तांब्याची म्हणून मिळते. ब्लेडने एक धागा खरवडा, आत पांढरे दिसले तर तिचा अवरोध दीडपटीहून जास्त समजा.

आणि फ्यूज. तो अँप्लिफायरसाठी नसतो, तारेसाठी असतो. बॅटरीपासून निघालेली तार पत्र्याच्या धारेला घासून सोलली गेली, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपियर सोडू शकते. तार लाल होते आणि अस्तर पेट घेते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतराच्या आतच हवा. त्याच्या अलीकडची तार उघडीच असते, तिला कोणी राखणदार नाही. पत्र्यातून तार नेताना भोकात रबरी कडे बसवावे. हे काम बॅटरीचे ऋण टोक सोडवून जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियननेच करावे. तुम्ही शेजारी उभे राहून फ्यूज कुठे बसतो आहे, एवढे मात्र जरूर पाहा.

सगळे जोडून झाल्यावर कधी कधी गाण्यामागे एक शीळ ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. ती शीळ मोटारीच्या जनित्राची. ऊर्जानगरचे जनित्र मिनिटाला ३०००, म्हणजे सेकंदाला बरोबर ५० फेरे घेते, म्हणून आपल्या घरातली वीज ५० कंपनांची असते आणि तिची गुणगुण एकाच पट्टीत राहते. मोटारीचे जनित्र इंजिनाला पट्ट्याने बांधलेले असते, त्याचा वेग आणि सूर दोन्ही पायाच्या दाबाप्रमाणे बदलतात. शीळ ऐकू आलीच, तर अँप्लिफायरची ऋण तार सोडवून त्या जागेचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडावा आणि तार पुन्हा घट्ट आवळावी. बॅटरीची जाड तार मोटारीच्या एका कडेने आणि गाण्याची बारीक तार दुसऱ्या कडेने न्यावी. बहुतेक वेळा शीळ एवढ्यावरच थांबते.