उकळलं म्हणजे गेलं नव्हे

मनू, नव्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात तुला कुणीतरी ऑटोक्लेव्ह दाखवेल. १२१ अंश, १५ मिनिटं, झालं निर्जंतुक. तू मान डोलाव आणि मनात ठेव, की आपलं काम तिथून पुढे सुरू होतं. जंतू मेला तरी त्याचं टरफल राहतं, आणि इंडोटॉक्सिन हे विष त्या टरफलातच असतं. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यात त्याचे लाखो रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. जंतू फुटला की ते मोकळे सुटतात, म्हणजे मारून उलट पंचाईत. डेन्मार्कच्या पानुमने १८५६ मध्ये सडक्या पदार्थांचं पाणी ११ तास उकळून पाहिलं होतं, तरी त्यातलं विष कायम होतं. आपल्या घरात 'पाणी उकळलंय ना?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जातो, त्यामुळे ही गोष्ट अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

ते विष घालवायचं तर काचसामान २५० अंशांच्या कोरड्या ओव्हनमध्ये, किमान अर्धा तास. हा अर्धा तास काच तापल्यापासून मोजायचा, ओव्हनचा काटा २५० वर पोचल्यापासून नाही. ओव्हन गच्च भरलास तर मधल्या ट्यूबा मागे राहतात. प्रत्येक ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळायची, आणि बाहेर काढताना फॉइलला भोक दिसलं तर ती ट्यूब बाजूला. रबरी बुचं आणि प्लास्टिक ओव्हनमध्ये जात नाहीत, ती पायरोजन-फ्री लिहिलेलीच विकत घे. तिथे काटकसर करू नकोस, बाकी हवी तिथे कर.

मग पाणी. फ्लॉरेन्स सायबर्ट ही अमेरिकन मुलगी, लहानपणी पोलिओ झालेली, येल विद्यापीठात पीएचडी करत होती. त्या काळी शिरेतून औषध दिलं की पुष्कळदा थंडी वाजून ताप भरायचा आणि दोष औषधावर जायचा. १९२३ मध्ये तिने दाखवून दिलं, की ताप औषधाबरोबरच्या डिस्टिल्ड वॉटरचा होता. वाफेबरोबर विष चढत नाही, पण उकळी फुटताना उडणारे बारीक तुषार चढतात आणि ते मूळ पाण्यातला मालमसाला पलीकडे घेऊन जातात. तिने वाफेच्या वाटेत तुषार अडवायची सोय केली आणि तापाचं मूळ सापडलं. पुढे क्षयाच्या त्वचाचाचणीसाठी शुद्ध ट्युबरक्युलिन तिनेच केलं. तिथेही काम तेच, मिसळलेल्यातून नेमकं वेगळं काढण्याचं.

तेव्हा कॅनवर 'डिस्टिल्ड' लिहिलंय म्हणून ते ओतून मोकळी होऊ नकोस. रविवारभर नळीत साचलेल्या पाण्यात जंतूंची जत्रा भरते. सोमवारी यंत्राचं सुरुवातीचं पाणी सोडून दे. नड असेल तेव्हा औषधाच्या दुकानातलं इंजेक्शनसाठीचं सीलबंद पाणी वापर. त्याला मिलिलिटरमागे ०.२५ इंडोटॉक्सिन युनिटची मर्यादा असते.

आता माझी फजिती सांगते, कारण तुला ही पुस्तकात मिळणार नाही. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी एका वनस्पतीच्या मुळीचा अर्क काढला होता. उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर टाकला की पेशी खवळून उठायच्या, टीएनएफ भराभर सोडायच्या. आठ महिने मी त्या अर्कातलं 'प्रोटीन' शुद्ध करत बसले. जितकं शुद्ध करावं तितका परिणाम वाढत होता, आणि मी खूश. पेपरचं शीर्षकही ठरलं होतं. एके दिवशी सर उभ्याउभ्या म्हणाले, 'उकळून बघितलंस का?' प्रोटीन असेल तर बहुधा उकळल्यावर मोडतं. मी उकळलं, परिणाम जसाच्या तसा. मग थोडं पॉलिमिक्सिन बी घातलं, ते इंडोटॉक्सिनला मिठी मारून बसतं. परिणाम शून्य. आठ महिने मी मुळीच्या नावाने जंतूंचं टरफल शुद्ध करत होते.

तीन दिवस लॅबला गेले नाही. चौथ्या दिवशी चाळीखालच्या किराणा दुकानात सरांचा फोन आला. समजूत वगैरे काही नाही. 'फ्रीजमधली डायलिसिसची पिशवी तपास' एवढंच म्हणाले. माल तिथूनच येत होता.

म्हणून कुठलाही अर्क, कुठलंही प्रोटीन, विशेषतः ई. कोलायमध्ये बनवलेलं, पेशींवर टाकण्याआधी तीन ट्यूबा लाव. एक साधी, एक उकळलेली, एक पॉलिमिक्सिन घातलेली. मॅक्रोफेजला चेतवायला मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅम इंडोटॉक्सिनही पुरतं, आणि इतकं कुठून आलं हे शोधायला वर्ष जातं.

मोठ्या माणसांनाही हे चुकलं नाही. १९९८ मध्ये इंडोटॉक्सिनला ओळखणारा दरवाजा म्हणून टीएलआर-२ चं नाव पुढे आलं. त्याच वर्षी ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने इंडोटॉक्सिनला दाद न देणाऱ्या सी३एच/एचईजे उंदरांत टीएलआर-४ चा दोष शोधून काढला. खरा दरवाजा हाच, त्यासाठी पुढे नोबेलही मिळालं. मग टीएलआर-२ चं काय? २००० मध्ये बाजारात मिळणारं इंडोटॉक्सिन फिनॉलने पुन्हा धुऊन पाहिलं तर टीएलआर-२ चा प्रतिसाद नाहीसा झाला. जंतूच्या लिपोप्रोटीनचा अंश बाटलीत चिकटून आला होता. लेबलवर 'शुद्ध' लिहिलेली बाटली तुझ्या हातात येईल तेव्हा ही गोष्ट आठव.

फिनॉलवरून आठवलं. फ्रायबर्गच्या ओटो वेस्टफाल आणि ओटो ल्यूडरिट्झ यांची इंडोटॉक्सिन वेगळं काढायची १९५२ ची पद्धत अजून चालते: ४५ टक्के फिनॉल, ६५ ते ६८ अंश, मग थंड करायचं. वरच्या पाण्याच्या थरात इंडोटॉक्सिन येतं, प्रोटीन फिनॉलमध्ये राहतं. पाण्याच्या थरात आरएनएही येतं, ते विसरू नकोस. २६० नॅनोमीटरला शोषण दिसलं तर अजून काम बाकी आहे. सेंट्रिफ्यूजच्या ट्यूबच्या तळाशी काचेसारखी पारदर्शक चकती बसेल, घाईत ती सांडणाऱ्यांत माझाही नंबर आहे. गुलाबी झालेलं फिनॉल वापरू नकोस. आणि हातावर थेंब उडाला तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, कारण फिनॉल ती जागा बधिर करतं. दुखायला लागेपर्यंत थांबू नकोस. पॉलिएथिलीन ग्लायकॉल ४०० ची बाटली हूडमध्येच ठेव आणि पहिल्या क्षणी पूस.

याच दोघांनी विषाच्या स्निग्ध भागाला लिपिड ए म्हटलं. पण तीस वर्षं शंका होती, की विष खरंच लिपिड ए मध्ये आहे की त्याला चिकटलेल्या कशात? शंका मिटवली ती रसायनवाल्यांनीच. १९८५ च्या सुमारास ओसाकात शिबा आणि कुसुमोतो यांच्या गटाने लिपिड ए फ्लास्कमध्ये बनवलं, जंतूचा वारासुद्धा न लागू देता. त्याने ताप आला. वाद संपला. मला विचारशील तर आपल्या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

इंडोटॉक्सिन या कल्पनेचा जनक रिचर्ड फायफर. १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना त्याला हे मेलेल्या जंतूतलं विष दिसलं. हाच फायफर १८९७ मध्ये प्लेगच्या जर्मन कमिशनबरोबर आपल्या मुंबईत आला होता. गंमत अशी, की ज्या कॉलऱ्यात त्याला हे सापडलं, त्यातले जुलाब मात्र या विषाचे नसतात. १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात घालून दाखवलं, की जुलाबाचं विष जंतू बाहेर टाकतो, ते वेगळंच.

आता इंडोटॉक्सिन तपासायच्या एलएएल चाचणीबद्दल थोडं. जेल-क्लॉट लावलीस की ३७ अंशांवर तासभर ट्यूबेला हात लावायचा नाही. मग एकाच सलग हालचालीत अलगद उलटी करायची, जेल टिकलं तर पॉझिटिव्ह. वेळेआधी हलवलेली ट्यूब परत जमत नाही, दह्यासारखंच आहे ते. पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबेत इंडोटॉक्सिन भिंतीला चिकटतं आणि तुला वाटतं नमुना स्वच्छ आहे, म्हणून काच. स्टँडर्ड व्हॉर्टेक्सवर कंटाळा येईपर्यंत हलव. नमुन्यात ओळखीचं इंडोटॉक्सिन घालून ते ५० ते २०० टक्क्यांत परत मिळतंय का हे न पाहता 'निगेटिव्ह' लिहू नकोस. सेल्युलोजच्या फिल्टरमधून ग्लुकन झिरपून खोटं पॉझिटिव्ह येतं, तेही लक्षात असू दे.

आणि पावडर तोलताना मास्क. फ्रीझ-ड्राय केलेलं इंडोटॉक्सिन पिंजलेल्या कापसासारखं हलकं असतं, चमच्यावरून उडतं. पहिल्यांदा मी मास्कशिवाय तोललं, संध्याकाळी छाती आवळली आणि रात्री कापरं भरलं. ते आवळणं मला ओळखीचं होतं. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, लालबागच्या गिरणीत ब्लो रूमला होते. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी संध्याकाळी पायरीवर बसून छाती चोळायचे. मंगळवारी बरं, बुधवारी आणखी बरं, पुढल्या सोमवारी पुन्हा तेच. आई म्हणायची, सोमवारी कामाचा कंटाळा. मुकादम त्याहून वाईट काहीतरी म्हणायचा. सगळे धुळीला दोष द्यायचे. १९८७ मध्ये अमेरिकेत माणसांना कापसाच्या धुळीत बसवून श्वास मोजला, तेव्हा छातीचं आवळणं धुळीच्या वजनापेक्षा धुळीतल्या इंडोटॉक्सिनशी जुळलं. कापसाच्या बोंडावरचे जंतू, त्यांची टरफलं. तो पेपर मी वाचला तेव्हा अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. आईला वाचून दाखवला. तिने 'म्हणजे कंटाळा नव्हता' एवढं म्हटलं आणि भाजी चिरत राहिली.

खोक्यात माझ्या जुन्या काचेच्या ट्यूबा पाठवतेय, साठ आहेत. परवाच २५० वर तापवून फॉइलमध्ये गुंडाळल्यात. तरी वापरण्याआधी तुझ्या ओव्हनमध्ये पुन्हा घाल.